नवे वादक, जुने नाव

महोदय,

जुने वादक एकेक करून बाहेर पडले की बँडचे फक्त नाव उरते आणि त्या नावावर नव्या मंडळींनी वाजवणे ही श्रोत्यांची फसवणूक ठरते, असे मत प्रोग्रेसिव्ह रॉकविषयीच्या (म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीताविषयीच्या) लेखनात वारंवार वाचायला मिळते. मला ते मुळीच पटत नाही. किंग क्रिमसन या इंग्लिश बँडचा इतिहास त्याच्या नेमका उलट आहे.

१९६९ मध्ये पहिला अल्बम काढणारा हा बँड त्याचा गिटारवादक आणि संस्थापक-सदस्य रॉबर्ट फ्रिपने १९७४ मध्ये विसर्जित केला. १९८१ मध्ये त्याने पुन्हा चौघांचा संच जमवला, तेव्हा जुन्यांपैकी त्याच्यासोबत फक्त ड्रमवादक बिल ब्रुफर्ड होता. गायक-गिटारवादक एड्रियन बेल्यू आणि बेसवादक टोनी लेव्हिन हे दोघेही अमेरिकन आणि बँडला सर्वस्वी नवे. या चौघांनी सुरुवातीचे कार्यक्रम ‘डिसिप्लिन’ या नावाने केले, हे विशेष. किंग क्रिमसन हे नाव त्यांनी मागाहून घेतले, आणि आधीचे नाव अल्बमला मिळाले. म्हणजे नव्या संगीताची घडी आधी बसली, नाव नंतर आले.

आणि ते संगीत खरोखरच नवे होते. मेलोट्रॉन या टेपवर मुद्रित सूर वाजवणाऱ्या कळफलकाच्या वाद्याचे भारदस्त, वाद्यवृंदासारखे सूर गेले. लेव्हिनच्या हाती दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर आघात करून वाजवायची चॅपमन स्टिक आली, ब्रुफर्डने इलेक्ट्रॉनिक ड्रम जवळ केले. ‘डिसिप्लिन’मधले ‘फ्रेम बाय फ्रेम’ हे गाणे ऐकताना तर दोन गिटारींकडे मुद्दाम लक्ष द्यावे. त्या एकाच स्वराकृतीत बरोबर निघतात, मग एक गिटार एक स्वर गाळू लागते, त्यामुळे दोघींतले अंतर फेरीगणिक वाढत जाते आणि अखेर त्या पुन्हा एकत्र येतात. दोन्ही वादकांनी आपापली मोजणी काटेकोर सांभाळल्याशिवाय हे साधत नाही, आणि फ्रिपने एवढ्या तोलामोलाचा दुसरा गिटारवादक शेजारी उभा केला, ही मला त्या बदलातली सर्वांत धाडसाची गोष्ट वाटते. पहिल्या काळातील भव्यतेवर जीव असणाऱ्यांना हा बदल रुक्ष वाटला असेल, तर ते मी समजू शकतो. परंतु त्याला नक्कल म्हणता येणार नाही.

याच चौघांनी १९८४ पर्यंत तीन अल्बम केले. म्हणून समीक्षकांना माझी विनंती आहे, की नव्या संचाच्या अल्बमविषयी लिहिताना कोण सोडून गेले याची यादी देऊन थांबू नये; नव्याने आलेल्यांमुळे लय, वाद्ये आणि गाण्यांची रचना यांत काय बदलले, तेही वाचकांना सांगावे.

आपला नम्र,
एक वाचक