हिमनदी किती मागे सरली?

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "मग, तुझी हिमनदी किती मीटर मागे सरली?" आणि मी नुसतंच हं हं केलं. रागावला असशील. पण उत्तर एका वाक्यात मावेना, म्हणून हे पत्र.

सुरुवातीला मीही तेच मोजायचो. लँडसॅट उपग्रहांची जुनी-नवी चित्रं शेजारी ठेवायची नि हिमनदीच्या तोंडाशी, म्हणजे खालच्या टोकाशी, रेघ ओढायची. एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे 30 मीटर. बर्फ दृश्य प्रकाश परत फेकतो, डोळ्यांना न दिसणारा शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड मात्र बराचसा गिळतो. त्या फरकावरून तो ओळखू येतो. सोपं वाटलं नि तिथेच फसलो. एक चित्र ताज्या हिमवर्षावानंतरचं निघालं. माझ्या नकाशात हिमनदी वर्षभरात चक्क फुगली! पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात. (बर्फात म्हण हवं तर.) आता उन्हाळा सरतानाचं, बिनढगाचं चित्र मिळाल्याशिवाय मी रेघेला हात लावत नाही.

खरी गोम निराळीच आहे. गंगोत्रीसारख्या हिमनद्यांच्या खालच्या भागावर दगडमातीचा थर असतो. उपग्रहाला तो शेजारच्या डोंगरासारखाच दिसतो. शिवाय जाड थराखालचा बर्फ हळू वितळतो, त्यामुळे तोंड जागच्या जागी आणि अंग खंगत चाललेलं, असंही होतं. म्हणून मी लांबी सोडून बर्फाच्या पृष्ठभागाच्या उंचीच्या मागे लागलो.

तिथे कामाला आले अमेरिकेच्या हेक्सागॉन या हेरगिरी उपग्रहांचे फोटो. फिल्मची कुपी पॅराशूटने खाली यायची आणि विमान ती हवेतच झेलायचं! त्यांतल्या नकाशे बनवण्यासाठीच्या कॅमेऱ्याच्या फोटोंवरचा गुप्ततेचा शिक्का 2002 मध्ये निघाला. एकमेकांवर चढणाऱ्या दोन फोटोंतून, आपल्या दोन डोळ्यांसारखीच, उंची मिळते. त्यातून नंतरची उंची वजा करायची. हिमालयातल्या सुमारे 650 हिमनद्यांचा असा अभ्यास 2019 मध्ये आला: 1975 ते 2000 च्या मानाने 2000 नंतर बर्फ दुप्पट वेगाने घटलाय.

वजाबाकी म्हणजे पोरखेळ नव्हे हं. उघड्या कातळावर फरक शून्य यायला हवा. माझ्याकडे डोंगराच्या एका उतारावर अधिक, समोरच्या उतारावर उणे. म्हणजे एक नकाशा बाजूला सरकलेला. तो जुळवता जुळवता आठवडा गेला. मग एका संध्याकाळी फरकाच्या नकाशात कातळ सगळा फिका झाला आणि मधोमध हिमनदीचा लाल, म्हणजे खचलेला, पट्टा तेवढा उरला. तोंडाशी फारसा फरक नाही; लाली त्याच्या बरीच वर.

तेव्हा पुढच्या फोनवर किती सरली ते नको, किती खचली ते विचार.

तुझाच,
नकाशेवाला