कोड्याचं उत्तर पुढच्या रविवारी छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला आणि आमच्या कॉलनीतल्या चार मुली लगेच चेसच्या क्लासला जायला लागल्या, माझी मुलगी आधीपासूनच जाते, त्यामुळे घरात सध्या सगळा वेळ तोच विषय. पण एक गोष्ट मला फार खटकते. डाव संपला रे संपला की मुलं मोबाईलवर इंजिन, म्हणजे चाली तपासणारा बुद्धिबळाचा प्रोग्राम, लावतात.

परवा मुलगी डाव हरून आली. २३व्या चालीला तिने जी३ या घरातल्या उंटाने ई५ वरचा घोडा मारला होता. स्टॉकफिश नावाच्या इंजिनने दाखवलं की चाल चुकली, हत्ती डी१ वर न्यायला हवा होता. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "इंजिन म्हणतंय ना बाबा." मग मी मोबाईल स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, लाकडी पट काढला आणि आम्ही पाऊण तास तीच पोझिशन धरून बसलो. शेवटी तिचं तिलाच दिसलं, उंट गेल्यावर राजाजवळची काळी घरं राखायला कुणी उरलंच नव्हतं आणि समोरचा वजीर एच२ ला आला तो तिथूनच. त्यानंतर इंजिन लावलं तेव्हा तिला ते काय सांगतंय ते कळत होतं.

माझा कॉम्प्युटरला विरोध नाही हो. स्टॉकफिश फुकट आहे, आमच्या लहानपणी असं काही मिळालं असतं तर आम्ही जेवण सोडून बसलो असतो. हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती अशी एंडिंग, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, त्याच्याशी पुन्हा पुन्हा खेळावी, ते जराही ढिलाई देत नाही त्यामुळे जिंकायची रीत हातात बसते. फक्त त्याची लेव्हल कमी करून रोज डाव खेळण्यात मला तितका अर्थ वाटत नाही, कारण ते दहा चाली मास्टरसारखं खेळतं आणि मग उगाच एक मोहरा देऊन टाकतं, माणसं तशी चुकत नाहीत. गुकेशने डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला चीनच्या डिंग लिरेनला हरवून जगज्जेतेपद मिळवलं, त्याच्या कोचने, म्हणजे विष्णू प्रसन्ना यांनी, त्याला सुरुवातीची कित्येक वर्षं इंजिनपासून लांबच ठेवलं होतं. हे आपल्याकडच्या पालकांना कुणी सांगतच नाही!

आता तुम्हाला एक विनंती. तुमच्या रविवारच्या पुरवणीत बुद्धिबळाचं कोडं येतं ते आम्ही दोघं आवर्जून सोडवतो, पण उत्तर त्याच पानावर खाली उलटं छापलेलं असतं आणि मुलीची नजर आधी तिकडेच जाते. ते उत्तर पुढच्या रविवारी द्याल का? आणि नुसती चाल नको, ती चाल का, हे पण दोन ओळीत लिहा.

एक पालक, सांगली