रंगभूमीवर कार्ड लागत नाही, हीच अडचण

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत महाविद्यालयीन मुलांच्या एकांकिका बसवते. पूर्वी पालक भेटले की विचारायचे, "नाटकात पडून याचं पुढं काय होणार?" हल्ली विचारतात, "मॅडम, नटाचं कार्ड कुठं काढायचं? एक जण पैसे घेऊन करून देतो म्हणतोय." हा 'एक जण' दर वर्षी वेगळा असतो आणि पैशांचा आकडा दर वर्षी वाढलेला असतो. म्हणून हे पत्र.

मराठी नाटकात काम करायला कोणतंही कार्ड, म्हणजे संघटनेच्या सभासदत्वाचं ओळखपत्र, लागत नाही. मालिका-चित्रपटांतल्या कलाकारांची 'सिन्टा' ही संघटना आहे, पण तिचा संबंध कॅमेऱ्यापुढच्या कामाशी. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद १९०५ पासून आहे, पण ती कामगार संघटना नव्हे. परिषदेचं आजीव सभासदत्व नाटकावर प्रेम करणारा साधा रसिकही घेऊ शकतो आणि नियामक मंडळाच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. ते घेतलं म्हणून तालमीला बोलावणं येत नाही, नाही घेतलं म्हणून कुणी अडवत नाही. निर्मात्यांचा संघ आहे, पडद्यामागच्या कामगारांचा संघ आहे. नाटकाच्या संहितेलासुद्धा परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं. नटाला लागतो तो फक्त एक फोन.

हा फोन येतो कुठून? बहुतेक वेळा स्पर्धेतून. पुण्यात भरत नाट्य मंदिरात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा होते. मुंबईत आयएनटीची (इंडियन नॅशनल थिएटरची) स्पर्धा आहे, चतुरंग संस्थेची 'सवाई' एकांकिका स्पर्धा आहे. परीक्षकांच्या खुर्चीत किंवा प्रेक्षकांत एखादा दिग्दर्शक बसलेला असतो. त्याच्या डोक्यात एक मुलगा राहतो. सहा महिन्यांनी कुणी बदली हवा असला की त्या मुलाला दादरला वाचनाला बोलावतात. स्पर्धा हीच आपली ऑडिशन झाली आहे आणि तिच्यातून फार मोठे नट आले, हे नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण ज्याच्या कॉलेजात नाटकाचा संघच नाही त्यानं काय करायचं? पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या, तिशीकडे झुकलेल्या मुलीनं? त्यांच्यासाठी राज्य हौशी नाट्य स्पर्धा आहे खरी, पण आमच्या केंद्रावरच्या प्राथमिक फेरीला मुंबईचा व्यावसायिक निर्माता येऊन बसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं गणित वेगळं. तिकडे गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक मंडळांची कार्यालयं आहेत, दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, आणि नवख्याला निदान कुठल्या दारात उभं राहायचं ते ठाऊक असतं.

ओळखीशिवाय चालत नाही हे काही आजचं नाही. १९०५ मध्येच नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले, त्यामागे शाहू महाराजांचा शब्द होता. फरक एवढाच की तो शब्द टाकणाऱ्याला गाण्यातलं कळत होतं.

आता न्यूयॉर्कचं पाहा. तिथं रंगभूमीवरच्या नटांची 'ॲक्टर्स इक्विटी' ही संघटना १९१३ साली स्थापन झाली आणि १९१९ मध्ये तिनं महिनाभर संप करून नाट्यगृहं बंद पाडली. तक्रारी काय होत्या? तालमी कितीही दिवस चालवा, पैसे नाहीत. शिवाय पोशाखाचा खर्च नटाच्याच माथी. आमच्याकडे आजही नव्या नटाला बहुधा तालमीचे पैसे मिळत नाहीत. प्रयोग झाला तर नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, रद्द झाला तर सुट्टी. नाइट किती हे तोंडी ठरतं आणि तोंडीच बदलतं. शंभर वर्षांपूर्वी ब्रॉडवेच्या नटांनी ज्यासाठी संप केला, त्याला आम्ही 'उमेदवारी' म्हणतो.

इक्विटीशी करार असलेल्या निर्मात्याला ठरलेल्या नियमांप्रमाणे खुल्या ऑडिशन घ्याव्याच लागतात. तारीख, जागा, भूमिका आणि पगार आधी जाहीर होतात. सभासदाला वेळ ठरवून मिळते. दोन-तीन मिनिटांत एक स्वगत, नाही तर संगीतिका असेल तर गाण्याच्या मोजक्या ओळी. सभासद नसलेले बाहेर थांबतात आणि वेळ उरली तर त्यांना आत घेतात. तिथले नटही कुरकुरतात की मुख्य भूमिका आधीच ठरलेल्या असतात आणि या ऑडिशन म्हणजे नियमाची पूर्तता. असेलही. पण आमच्या मुलांना नापास व्हायची तरी संधी कुठं आहे? नाटक येतंय हे त्यांना मुहूर्ताच्या फोटोवरून कळतं!

सभासदत्वाचे तिथले रस्तेही उघड आहेत. इक्विटीच्या करारावर काम मिळालं तर मिळतं. नाही तर उमेदवार म्हणून नाव नोंदवायचं आणि ठरलेल्या नाट्यसंस्थांमध्ये काम करत आठवडे साठवायचे. पूर्वी पन्नास आठवडे लागत, ते पुढे पंचवीसवर आणले. २०२१ मध्ये संघटनेनं आणखी सैल धोरण जाहीर केलं: मोबदला घेऊन व्यावसायिक काम केल्याचा पुरावा द्या आणि सभासद व्हा. त्यामागचं कारण मला फार मोलाचं वाटतं. जुन्या नियमांत सभासद कोण होणार हे प्रत्यक्षात मालकच ठरवत होते, आणि मालक ज्यांना घेत नव्हते त्या समाजांतले नट संघटनेबाहेरच राहत होते, ही चूक संघटनेनं उघडपणे मान्य केली.

याला दुसरी बाजू आहे, आणि कार्डाची स्वप्नं पाहणाऱ्यांनी ती ऐकायला हवी. सभासद झालं की संघटनेच्या कराराबाहेरचं नाटक करता येत नाही. त्यामुळे लहान गावातले पुष्कळ नट मुद्दाम उशिरा सभासद होतात, कारण त्यांच्या आसपासचं काम बहुतेक कराराबाहेरचं असतं.

लंडनमध्ये तर याहून गमतीची स्थिती होती. १९३० साली स्थापन झालेल्या ब्रिटिश इक्विटीचं कार्ड नसेल तर काम नाही, आणि काम नसेल तर कार्ड नाही. गावोगावच्या नाट्यसंस्थांना वर्षाकाठी मोजक्याच नवोदितांना कार्ड देता यायचं. मग मुलं क्लबात गाणी म्हणून, विनोद सांगून, जादूचे प्रयोग करून करार गोळा करत आणि त्या वाटेनं नट होत. १९९०च्या कायद्यानं ही सक्ती संपली. आता तिथंही पैसे घेऊन केलेल्या कामाचा पुरावा पुरतो. आपल्याकडे उद्या कुणी 'कार्डाशिवाय नाटक नाही' असा फतवा काढला तर मी त्याला विरोध करीन. त्यानं फक्त कार्ड विकणाऱ्यांची चांदी होईल.

नाट्यकलावंतांची संघटना बांधायचे प्रयत्न आपल्याकडेही झाले आहेत आणि त्यात मनापासून राबणारी माणसं आहेत. टाळेबंदीत नाट्यगृहं बंद पडली तेव्हा सहकलावंतांनी आणि संस्थांनी वर्गण्या काढून मदत पोचवली, हे विसरता येत नाही. पण मदत वेगळी आणि करार वेगळा. किमान नाइट किती, तालमीचा भत्ता किती, दौऱ्यावर राहायची-जेवायची सोय कुणी करायची, प्रयोग आयत्या वेळी रद्द झाला तर काय, हे एका कागदावर येऊन खाली दोन सह्या झाल्या की निम्म्या तक्रारी मिटतील. सभासद कोणाला करायचं हा वाद मग सोपा होतो. असे सही केलेले ठरावीक प्रयोगांचे कागद दाखवा आणि सभासद व्हा. वशिला नको, निर्मात्याची शिफारसही नको.

"निर्माते ऐकतील कशाला?" असं कुणी म्हणेल. निर्माता काही खलनायक नाही. बुकिंग पडलं की पहिला खड्डा त्याच्याच खिशाला पडतो. पण नव्या व्यावसायिक नाटकांना राज्य सरकार प्रयोगामागे अनुदान देतं. हा पैसा सांगलीच्या आणि गडचिरोलीच्या करदात्याचाही आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालयानं अनुदानाच्या अर्जाला दोन अटी जोडाव्यात. नटांशी लेखी करार असावा, आणि नाटकातल्या निदान दोन भूमिकांसाठी जाहीर ऑडिशन घेतलेली असावी. मुख्य भूमिकेत कुणाला घ्यायचं ते निर्मात्यानं खुशाल ठरवावं. तिकीट नावावर विकलं जातं हे आम्हालाही कळतं. दोन छोट्या भूमिका मात्र खुल्या राहू द्याव्यात.

जाहिरात कुठं द्यायची हा प्रश्नच नाही. आपल्याच दैनिकात नाटकांच्या जाहिरातींचं पान असतं, त्यातले चार ओळींचे चौकोन पुरे. ऑडिशन दादरला ठेवली तरी आमची तक्रार नाही, मुलं रात्रीच्या गाडीनं येतील. फक्त तारीख आठ-दहा दिवस आधी छापावी, म्हणजे नोकरीवाल्यांना रजा टाकता येईल.

आपली नम्र,
एक एकांकिका दिग्दर्शिका, सांगली