देवणी गाय गोशाळेत असली तर ५० रुपये, आमच्या दावणीला असली तर काहीच नाही?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

३० सप्टेंबर २०२४ ला सरकारनं देशी गायीला राज्यमाता जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गायीला दिवसाला ५० रुपये अनुदान द्यायचं पण ठरवलं. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नंतर कळलं की ते फक्त गोशाळांना, घरी गाय पाळणाऱ्याचं त्यात नावच नाही. म्हणजे मी माझी भाकड गाय गोशाळेत सोडून आलो तर तिला रोजचे ५० रुपये, अन् तीच गाय माझ्या गोठ्यात राहिली तर सगळा खर्च माझ्या डोक्यावर. हे काही केल्या पटत नाही म्हणून लिहायलोय.

आम्ही उदगीर भागातले, आजोबापासून दावणीला देवणीच आहे. आज चार गायी, दोन बैल, एक कालवड आणि एक गोऱ्हा. दोन गायी वानेरा आहेत, अंग पांढरंशुभ्र अन् तोंड दोन्ही बाजूंनी काळं, बाकीच्या शेवरा, पांढऱ्यावर काळे ठिपके. ही जात आमच्या मातीतली, देवणी गावाच्या नावानंच ओळखली जाते, तिकडं नांदेड भागात लाल कंधारी आहे तशी. उन्हाला टिकते, बैल कामाला दणकट. पण दूध तीन-चार लिटर, त्यातलं वासराला सोडून जे उरेल ते डेअरीला, आणि तेवढ्यावर सरकी-पेंडेचा पण खर्च निघत नाही.

लोकांना वाटतं दुधाला भाव मिळाला की झालं. खरी अडचण कडब्याची आहे. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची, प्रत्येकाच्या दारात कडब्याची गंज असायची. आता सगळीकडं सोयाबीन. ज्वारी पेरली तर पाखरं राखायला माणूस नाही, काढायला तर त्याहून नाही, म्हणून पेरणाऱ्यालाही दोष देता येत नाही. सोयाबीनचं भुसकट जनावर खातं पण त्याला कडब्याची सर नाही, आणि हार्वेस्टरनं काढलं तर ते पण रानातच उडून जातं. उन्हाळ्यात उसाचं वाढं घालावं तर नुसत्या वाढ्यावर जनावराच्या अंगातलं कॅल्शियम कमी होतं असं डॉक्टर सांगतात. गायरानावर चारायला न्यावं तर गायरान राहिलंय किती, निम्म्यावर तर घरं आणि पिकं झालेत.

हिशोब सांगतो. मोठ्या जनावराला दिवसाला आठ-दहा किलो सुका चारा लागतो. माझी मोठी सहा धरली तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांनाच साडेसहा टनाच्या आसपास कडबा लागतो, अन् माझ्या एक एकर ज्वारीत त्याच्या निम्मा पण होत नाही. बाकीचा शेकड्याच्या, म्हणजे शंभर पेंढ्यांच्या भावानं विकत, तो पण उन्हाळा चढेल तसा भाव वाढत जातो.

२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, त्या उन्हाळ्यात आम्ही दोन गायी हळी-हंडरगुळीच्या बाजारात विकल्या. दोन दिवस आई जेवली नव्हती. २०२२ ला लम्पी आला, बाजार बंद झाले, एक कालवड गेली, तिच्या अंगावरच्या गाठी आजपण डोळ्यापुढं येतात. एवढं होऊन पण गायी ठेवल्या कारण जात राहिली पाहिजे.

बैलाचं पण सांगायला पाहिजे. २०१५ च्या कायद्यानं बैल कापायला बंदी आली, माझा त्याला विरोध नाही, आमच्यात म्हातारा बैल खाटकाला कधी दिलाच नाही. पण नांगरट-पेरणी ट्रॅक्टरनं होऊ लागल्यावर काम सुटलेला बैल पाच-सहा वर्षं सांभाळायचा म्हणजे काय खर्च येतो ते पण कोणीतरी बघावं की.

गोशाळेला पैसे देऊ नका असं मी म्हणत नाही, त्या पण पुण्याचंच काम करायलेत. पण गोशाळेत जात टिकत नाही, ती टिकते शेतकऱ्याच्या गोठ्यात, जिथं चांगला वळू बघून गाय फळवली जाते, कालवड निवडून ठेवली जाते. म्हणून घरच्या देवणीला आणि लाल कंधारीला पण तेच ५० रुपये द्या. पैसे जमत नसतील तर उन्हाळ्याचा कडबा द्या, नाहीतर ज्वारी पेरणाऱ्याला काहीतरी मदत द्या म्हणजे कडबा तरी गावात राहील.

खोटी जनावरं दाखवतील अशी भीती असेल तर त्याची पण सोय आहे. प्रत्येक जनावराच्या कानात १२ आकड्यांचा पिवळा बिल्ला मारलाय. माझ्या जनावरांचे नंबर गुरांच्या दवाखान्यात लिहिलेले आहेत, साहेबांनी कधीही यावं, न सांगता यावं आणि गोठ्यात मोजून घ्यावं.

आपला,
एक पशुपालक, ता. उदगीर, जि. लातूर