कांड्या भरलेल्या, नेट मात्र ठप्प

महोदय,

संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर मोबाइलच्या सगळ्या कांड्या भरलेल्या असतात, पण वडापाववाल्याचा क्यूआर स्कॅन केला की चक्र फिरतच राहते. मग ‘टॉवर वाढवा’ अशी मागणी होते. पण कांड्या फक्त सिग्नलचा जोर सांगतात. लोकल फलाटाला लागली हे दिसते. आत पाय ठेवायला जागा आहे का, ही गोष्ट निराळी.

फोरजीच्या 20 मेगाहर्ट्झ रुंदीच्या लहरींच्या पट्ट्यात डेटा वाहणारे 100 खण असतात आणि ते दर मिलिसेकंदाला फोनांमध्ये वाटले जातात. स्वच्छ सिग्नल असलेला फोन एका चिन्हात, म्हणजे लहरीच्या एका ठोक्यात, 6 बिट सहज घेतो. लिफ्टमधला किंवा काचेच्या भिंतीआडचा जेमतेम 2. तोच व्हिडिओ पाहायला त्याला तिप्पट किंवा त्याहून जास्त खण लागतात, आणि ते जातात रस्त्यावरच्या माणसाच्या वाट्यातून. म्हणून उंच इमारतींत मजल्यामजल्यावर छोटे अँटेना बसले, तर खालच्या फुटपाथचेही नेट सुधारते. सोसायट्या याकडे कंपनीवर केलेले उपकार म्हणून पाहतात, हे चुकीचे आहे. पाण्याच्या पाइपासारखी त्याची वाट बांधकामातच ठेवायला हवी.

यूपीआयला डेटा नगण्य लागतो, तरी ते अडते; कारण आधी सेलमध्ये, म्हणजे एका अँटेनाच्या हद्दीतल्या नेटवर्कमध्ये, शिरावे लागते. त्यासाठी फोन 64 सांकेतिक हाकांपैकी एक देतो. दोन फोनांनी एकाच क्षणी तीच हाक दिली की टक्कर होते आणि पुन्हा रांग लावावी लागते. गर्दीत चिडून परत परत बटण दाबल्याने ही रांग वाढतेच.

विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटीवर दुखणे उलट्या दिशेचे असते. नेटवर्कची आखणी डाउनलोडला झुकते माप देणारी, आणि तिथे जो तो व्हिडिओ वर चढवत असतो. अशा वेळी चाकांवरचा टॉवर आणून उंच डोलकाठी उभारली, तर तिचा सिग्नल शेजारच्या भरलेल्या सेलांवर सांडतो आणि गोंगाट वाढवतो. अँटेना कमी उंचीवर, खाली झुकवलेले आणि अरुंद झोताचे हवेत. प्रत्येकाने गर्दीची एकच फाक सांभाळायची. अँटेनांपासून पुढे डेटा वाहून नेणारे फायबर हवेच. नाहीतर पुन्हा कांड्या भरलेल्या आणि नेट ठप्प.

दुकानांत लावलेले स्वस्त बूस्टर हा आणखी एक ताप. बाहेरचा आणि आतला अँटेना जवळजवळ असले की माइक-स्पीकरसारखी शिट्टी वाजते, फक्त ती कानाला ऐकू येत नाही, टॉवरला येते. एका दुकानाच्या सोयीसाठी सबंध गल्लीचे कॉल तुटतात. विनापरवाना बूस्टर बेकायदा आहेत, पण ते बिनदिक्कत विकले जातात.

गर्दीच्या रस्त्यांवर खरा उतारा म्हणजे दिव्याच्या खांबांवरचे छोटे सेल. केंद्राचे मार्गाधिकार नियम (दूरसंचाराची साधने व केबल बसवण्याच्या परवानगीचे) 1 जानेवारी 2025 पासून लागू आहेत आणि त्यांत याची तरतूद आहे. पण प्रत्येक खांबापर्यंत वीज आणि फायबर पोहोचायला हवे. मुंबईत रस्ते काँक्रीटचे होत आहेत. काँक्रीट ओतण्याआधी कडेने रिकामा डक्ट (केबलसाठीची नळी) आणि प्रत्येक खांबाशी एक चेंबर ठेवणे हे किरकोळ काम. नंतर तेच करायचे तर कोरा रस्ता कापावा लागेल. ज्या रस्त्यांच्या निविदा अजून निघायच्या आहेत, त्यांत महापालिकेने ही अट घालावी.

— एक दूरसंचार अभियंता, दादर