‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्यांसाठी

संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला चालढकलीवरचा लेख वाचला, चांगला होता, पण सगळा भर शिस्तीवरच, लवकर उठा, यादी करा, मोबाईल लांब ठेवा वगैरे. अहो, आमच्या कॉलनीत पहाटे फिरायला जाणारे आणि याद्या करणारे भरपूर लोक आहेत, तरी त्यांच्या घरी बाथरूमच्या टाइल्स कुठल्या लावायच्या ते दिवाळीपासून ठरत नाहीये. काम टाळणं वेगळं आणि ठरवणं टाळणं वेगळं, आणि दुसऱ्या प्रकारातली माणसं आळशी मुळीच नसतात, उलट भारी मेहनती असतात, दहा दुकानं फिरतात, पन्नास रिव्ह्यू वाचतात, फक्त शेवटचं ‘हो, हेच द्या’ तेवढं तोंडातून निघत नाही.

आमच्याकडे इंदूरला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, झाली की कूलरची चर्चा सुरू होते. टाकी केवढी, पॅड गवताचे की हनीकॉम्ब, आवाज किती, मग कोणीतरी म्हणतं आता एसीच घेऊन टाकू, की झालं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मे उजाडतो, घरात सगळे घामाघूम, आणि मग दुकानात जे उरलेलं असेल ते मुकाट्यानं उचलून आणायचं. म्हणजे निर्णय झालाच, फक्त तो आपण नाही केला, उन्हाळ्यानं केला.

याचं कारण मला तरी चुकायची भीती वाटतं, आणि पर्याय वाढले की ती वाढते. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात जॅमचा प्रयोग केला होता, तो २००० साली छापून आला. चवीला २४ प्रकार मांडले तेव्हा गर्दी जास्त जमली पण थांबलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी जॅम घेतला, ६ च प्रकार मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. नंतरच्या काही प्रयोगांत मात्र असं निघालं नाही हेही सांगायला हवं, ज्याला काय हवंय ते आधीच माहीत असतं त्याला पर्यायांचा एवढा त्रास होत नाही म्हणे. ते पटतं, कारण आमच्या सासूबाई सीतलामाता बाजारात साडी घ्यायला गेल्या की रंग आणि बजेट घरूनच ठरवून जातात आणि तिसऱ्या साडीला उठतात. १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन हेच सांगायचे, की माणूस सगळ्यात उत्तम शोधत बसला तर संपतच नाही, आपल्या गरजेच्या अटी ठरवायच्या आणि त्यात पहिलं बसेल ते घ्यायचं. सासूबाईंनी सायमन वाचलेला नाही.

आता घरातला रोजचा प्रश्न. ‘भाजी काय करू?’ ‘काहीही कर, चालेल.’ आणि पान वाढल्यावर, ‘अगं आज परत गिलकी?’ म्हणजे ‘काहीही’ म्हणणारा मोकळा, ठरवायचं दुसऱ्यानं, आणि चुकलं तर बोलायचा हक्क मात्र याच्याकडे. लेखात हा भाग अजिबात नव्हता म्हणून मुद्दाम लिहितेय, कारण एकाने ठरवणं टाळलं की ते घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी पडतंच, आणि बहुतेक घरांत ती दुसरी कोण असते ते सांगायला नको. आम्ही आता वारावर भाज्या लावून टाकल्यात, आवडो न आवडो, कटकट गेली.

तसं बघितलं तर आपल्या इंदूरला ही युक्ती नवीन नाही. कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की बाई-पुरुष डबे घेऊन फाटकाशी हजर, ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, ‘आज टाकू की उद्या’ असा विचार तिथे कोणाच्या मनात येत नाही. पीटर गोलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं यावरच बरंच काम केलंय, की नुसतं ‘करीन’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं ठरवलं तर ते हातून होण्याची शक्यता वाढते. लाइटचं बिल आलं की चहाच्या आधी भरायचं, लग्नाची पत्रिका आली की त्याच दिवशी जायचं की नाही ते ठरवायचं. (छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीत काय खायचं हे ठरवायला मात्र हवा तितका वेळ घ्यावा, ‘आधी एक चक्कर मारून येऊ’ यातच तिथली अर्धी मजा आहे.)

पण एका ठिकाणी ही सवय खरंच महागात पडते, ते म्हणजे बँकेतलं नॉमिनेशन, आपल्या माघारी पैसे कोणाच्या हाती द्यायचे ते नाव. नात्यातल्या एका आजोबांनी तो रकाना वर्षानुवर्षं कोरा ठेवला, का तर दोन मुलं, एक मुलगी, नाव एकाचंच लिहायचं, बाकीच्यांना काय वाटेल, बघू. त्यांच्या माघारी तिघांची कागदपत्रं गोळा करता करता पुरे झालं. आता तीही अडचण राहिली नाही, १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींच्या खात्यावर चार जणांपर्यंत नावं देता येतात आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. शिवाय नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बँकेकडून पैसे घ्यायचा अधिकार त्याचा, वाटणी शेवटी मृत्युपत्र किंवा वारसा कायद्याप्रमाणेच होते, हे ठाऊक असतं तर आजोबा एवढे अडले नसते असं मला वाटतं. आणि दहा वर्षं कोणी विचारलं नाही तर ठेव रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते, वारसांना नंतर परत मिळते पण त्यासाठी खेटे घालावे लागतात, शोधायला उद्गम नावाचं पोर्टल आहे.

लॉकरचा नियम थोडा वेगळा आहे, तिथे नावं एकामागून एक अशा क्रमानंच देता येतात, सगळ्यांना एकदम नाही. हे सगळं सोप्या मराठीत, फॉर्म कसा भरायचा त्याच्या नमुन्यासकट, तुम्ही एखाद्या रविवारी छापलंत तर बरं होईल. आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठांच्या ग्रुपमध्ये कात्रण वाटायची जबाबदारी माझी.

आपली,
एक नियमित वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर