खिडकीचा प्रसंग कापायचा म्हणतात

पुणे, रविवार रात्र

प्रिय दिग्या,

चार महिने ओळ नाही. शिव्या घालायच्या त्या घालून घे, मग पुढे वाच. गुडघा तसाच, रक्तदाब गोळीच्या ताब्यात.

आता मुद्दा. आपल्या फिल्म मंडळाने शनिवारी 'ग्रेगरीज गर्ल' हा स्कॉटिश सिनेमा ठेवलाय आणि नव्या पोरांचं म्हणणं, पहिला प्रसंग कापून दाखवू. हे तुलाच सांगतोय. दुसरा कुणी म्हणेल, काप की, कुणाला कळणार आहे!

पोरांचं अगदीच चूक नाही. अंधारात उभी राहून शाळकरी मुलं खिडकीतून एका नर्सला कपडे उतरवताना बघतात, आणि कॅमेराही त्यांच्याच खांद्यावरून बघतो. १९८१ मध्ये थिएटर हसलं असेल. आज हसू घशात अडकतं. जुनाट आहे, मान्य. पण दिग्दर्शक बिल फोर्साइथने सगळा सांधा तिथेच जुळवलाय. सुरुवातीला मुलं बघतात आणि त्यांना काडीचं काही कळत नाही. शेवटी मुली सगळं आपसांत ठरवून मोकळ्या होतात, तेव्हाही त्यांना कळत नाहीच. पहिलं टोक कापलंस तर दुसरं नुसतं गोड उरतं.

तो शेवट आठव. शाळकरी ग्रेगरी मित्राचं, स्टीव्हचं, पांढरं जाकीट उसनं घालून आवडत्या डोरोथीची वाट बघतोय. येते तिची मैत्रीण कॅरल. टेलिफोन बूथमध्ये कपडे बदलते, त्याला चालवत पुढे नेते आणि मार्गोच्या हवाली करते. मार्गो त्याला सूझनपाशी सोडते. टपालाचं पार्सल! आणि तू वीस वर्षं भांडतोयस की डोरोथी त्याला मिळायला हवी होती. अरे, तिला तो नकोच आहे, तिला बॉल हवाय. तिने शाळेच्या फुटबॉल संघात त्याची पुढची जागा घेतली, तो गोलकीपर झाला, विषय संपला. आणि ही थट्टा नव्हे. स्कॉटलंडच्या फुटबॉल संघटनेने बायकांच्या फुटबॉलला मान्यता दिली १९७४ मध्ये, म्हणजे हा सिनेमा येण्याच्या जेमतेम सात वर्षं आधी. डोरोथी झालेल्या डी हेपबर्नला त्यासाठी पार्टिक थिसल क्लबात सराव करायला लावला होता. तिची किक नीट बघ, पाय खोटा पडत नाही. सिनेमातलं फुटबॉल बहुतेक वेळा तिथेच फसतं.

दुसरी काळजी ध्वनिपट्टीची, आणि ती जास्त खरी आहे. अमेरिकेत लोकांना उच्चार कळणार नाहीत म्हणून याच नटांकडून सौम्य उच्चारात पुन्हा डबिंग करून घेतलं होतं. आपल्या हातात ती प्रत आली तर अर्धी मजा गेली. सिनेमातल्या कंबरनॉल्ड गावची पोरं, त्यातली बरीच ग्लासगो यूथ थिएटरची, वाक्य अर्ध्यात गिळतात, आणि विनोद त्या गिळण्यातच आहे. म्हणून आधी दहा मिनिटं लावून बघायचं: ओठ आणि आवाज जुळत नसतील, शब्द फार स्वच्छ येत असतील, तर डिस्कच्या मेनूत दुसरी पट्टी शोधायची. सबटायटल्स लावायची, पण पूर्ण वाक्यांची नकोत. पडद्यावरचा मुलगा "अं..." म्हणतोय तोवर खाली विनोद वाचून झाला, तर लोक आधी हसतात आणि पुढचं वाक्य बुडतं.

बागेतलं आडवं पडून नाचणं मात्र कुणी कापायचं म्हटलं नाही, नशीब. ग्रेगरी सूझनला सांगतो की आपण ताशी हजार मैलांनी फिरणाऱ्या ग्रहाला चिकटलोय, सोडलं तर पडू. मग कॅमेरा हळूच कलतो आणि गवत भिंतीसारखं उभं राहतं. यंत्र नाही, खर्च नाही, फक्त कॅमेरा तिरपा. सगळा सिनेमाच सुमारे दोन लाख पौंडांत झालाय. खरं गाव, खरी शाळा, आणि पेंग्विनच्या वेशातलं एक पोर शाळाभर या वर्गातून त्या वर्गात फिरतंय. कुणी कारण विचारत नाही, कुणी सांगत नाही. आजचा लेखक त्याचं कारण लिहून बसला असता. पार्श्वसंगीतातला सॅक्सोफोन तेवढा आता झेपत नाही. तू म्हणत होतास ते बरोबर होतं, हे एकदाच लिहून देतो, फ्रेम करून ठेव.

त्या वर्षी बाफ्ता या ब्रिटिश पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट 'चॅरिअट्स ऑफ फायर' ठरला, पण पटकथेचं पारितोषिक फोर्साइथने नेलं. हे सांगून पोरांना गप्प करता येईल, पण तसं करायचं नाहीये. मी म्हटलं, प्रसंग ठेवू, आणि सिनेमा संपल्यावर दिवे लावून त्यावरच भांडू. निमा म्हणाली, "भांडायला वेळ किती देणार?" तिला अर्धा तास कबूल केलाय. मोडककाका असतील तर तासही पुरायचा नाही.

सुलूचं ऑपरेशन नीट झालं ना? तुझ्या बदलीचं काय झालं? दोन्ही एका ओळीत कळव. आणि तुझ्याकडची ती सबटायटल्सची फाइल, तूच वेळा जुळवलेली, गुरुवारपर्यंत पाठव. तीत चिप्सच्या दुकानाचा प्रसंग दोन सेकंद मागे आहे, तो मी सुधारतो.

तुझा,
बंड्या